चिंधीच्या पायाखाली

मला आभार मानता येत नाहीत. म्हणजे शब्द माहीत आहेत, पण तोंडातून ते असे काही निघतात की समोरच्याला वाटतं, ही बाई भांडायला आलीय. माझा धाकटा भाऊ म्हणतो, ताईनं आभार मानले की माणूस आधी आपलं काय चुकलं ते आठवायला लागतो. म्हणू दे. या वेळी मात्र मला ते मानायचेच आहेत. एका डॉक्टरीणबाईंचे, एका सशाचे आणि माझ्या आईचे. आणि ते धड मानायचे तर सुरुवात एका कुरतडलेल्या सोफ्यापासून करायला हवी.

आमचं दुकान सोफे आणि खुर्च्या दुरुस्त करण्याचं. पुढे दुकान, मधे कामाची खोली, मागे राहतं घर. तिथे आई आणि मी राहतो. भाऊ सकाळी येतो आणि संध्याकाळी आपल्या बायकोमुलांकडे जातो. लाकडी सांगाडे, स्प्रिंगा, ठोकाठोकी त्याच्याकडे. बेतणं, शिवणं, भरणं आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणं माझ्याकडे. त्याला आम्ही खिळ्या म्हणतो, कारण काम करताना बारीक खिळे तो ओठांत धरतो आणि जिभेनं एकेक पुढे सरकवत ठोकत जातो. त्यामुळे दिवसभर तो 'हं' आणि 'अंहं' याच्यापुढे जात नाही. आम्हा बहीणभावाचं एवढी वर्षं पटलं ते त्या खिळ्यांमुळे, असं आई म्हणते.

तर एक सोफा आला. त्याच्या पाठीला कोपरापर्यंत हात जाईल एवढं भोक. उंदीर का, मी विचारलं. गिऱ्हाईक शरमून म्हणालं, ससा. आणि दुरुस्त झालेला सोफा न्यायला आलं तेव्हा सोबत एक खोकं घेऊनच आलं. आत गुन्हेगार बाई बसलेल्या. अंग करडं, एक कान पांढरा, नाक सारखं चालू. आमच्याकडे कुणी घेणारं असेल का, असं ते चाचरत विचारत होतं. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई मागून म्हणाली, अगं, हिनं आपल्याला काम आणून दिलं, ही आपल्याच धंद्यातली, हिला परत कशी पाठवायची. झालं. खोकं राहिलं, गिऱ्हाईक पळालं. पहिल्याच दिवशी बाई कापडाच्या चिंध्यांच्या पोत्यात शिरून झोपल्या, म्हणून नाव पडलं चिंधी. पुढे तिनं आमच्या वायरी खाल्ल्या, रेक्झिनचा एक अख्खा तागा कडेनं कातरला, आणि माझ्या शिव्यांना जराही भीक घातली नाही. आईच्या पायात मात्र घुटमळत राहायची.

आई तेव्हा दिवसभर कामाच्या खोलीत असायची. गाद्यांचं भरण हातानं बसवावं तर तिनंच. कापूस कुठे दबला, कुठे फुगला ते ती तळव्यानं ओळखायची. मग ती पडली. स्टुलावर चढून कापडाचे नमुने लावत होती, स्टूल सरकलं आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, आता चालवत राहा. चालवायला इस्पितळातल्या एक बाई घरी यायच्या. आईला दुखायचं, आई कण्हायची, आणि आई कण्हली की मी त्या बाईंवर ओरडायची. शेवटी त्या यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, सुटली बिचारी आई एकदाची छळातून.

आणि मी आईसाठी खुर्ची केली. आता स्वतःच्या तोंडानं काय सांगायचं, पण तशी खुर्ची मी आधी कधी केली नव्हती. खोल बैठक, खाली मऊ स्प्रिंगा, त्यावर फोम, त्यावर पिसांचं कुशन, वर मऊसूत मखमल. खिळ्यानं सांगाडा करताना तोंडातले खिळे संपेपर्यंत एकदाही 'अंहं' म्हटलं नाही, यावरून काय ते समजा. कामाच्या खोलीत, बेतायच्या टेबलाजवळ ती ठेवली. गिऱ्हाइकं हौसेनं बसून बघायची. जो बसला तो उठायचं नावच घेत नाही, असं मी सगळ्यांना सांगायची आणि वर हसायची.

आईला मी बोटसुद्धा उचलू दिलं नाही. पाणी हातात, चष्मा हातात, चहा हातात. उठायचं असलं की ती मला हाक मारायची, मी काखेत हात घालून तिला त्या खुर्चीतून वर काढायची. हळूहळू हाका कमी झाल्या. मला वाटलं, आराम पडतोय. चिंधी उडी मारून तिच्या मांडीवर चढायची, आणि दोघी तिथेच पेंगत बसायच्या.

एका सकाळी आईनं हाक मारली, पण स्वतःसाठी नाही. चिंधी आली नाही गं अजून, म्हणाली. मी शोधलं तर ती चिंध्यांच्या पोत्यामागे कोपऱ्यात. मान एवढी वाकडी झालेली की एक कान खांद्याला टेकलाय. उचलायला गेले तर ती गडाबडा लोळायला लागली. एक कोलांटी, दुसरी, भिंतीवर आपटली, तरी थांबेना. डोळे इकडून तिकडे, इकडून तिकडे धावत होते. टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून छातीशी धरली, भावाला फोन केला, आणि आम्ही जनावरांच्या दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान. मला मुलगी असती तर एवढीच असती. त्यांनी चिंधीला तपासलं आणि सांगितलं की कानाच्या आतल्या भागात रोग गेलाय, त्यानं हिचा तोल गेलाय. तिला वाटतंय की सगळी जमीन उलटी होतेय, म्हणून ती सावरायला जाते आणि लोळते. औषधं बरेच दिवस चालतील. ससा खायचा थांबला की त्याचं पोट बंद पडतं आणि मग काही हातात राहत नाही, म्हणून सुक्या गवताची पूड पाण्यात कालवून बिनसुईच्या पिचकारीनं भरवत राहायचं. लोळताना लागू नये म्हणून तिच्या जागेला काहीतरी मऊ लावायचं. गाडीच्या हिसक्यांनी ती जास्त लोळते, तेव्हा पुन्हा आणू नका, काही दिवसांनी मीच बघायला येईन, असं त्या म्हणाल्या.

एवढ्यावर थांबल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्यांनी पुढचंही सांगितलं. मी येईन तोवर हिनं पायांवर उभं राहायची धडपड सुरू केली नसेल, तर हिला असं ठेवायचं की इंजेक्शन देऊन सोडवायचं, याचा आपण विचार करू. माझ्या डोक्यात तिडीक गेली. तुम्ही असे ससे पाहिलेत तरी किती, मी विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, पुष्कळ, म्हणूनच आधी सांगून ठेवते. खिळ्यानं मला दंडाला धरून बाहेर काढलं. बाहेरच्या बाकड्यावर बसून मी जरा दम घेतला. बाकडं फाटकं होतं, फळी खाली टोचत होती, आणि त्याचाही मला राग आला.

घरी येऊन मी आईला सांगितलं की औषध दिलंय, होईल बरी. आईनं माझ्याकडे बघितलं, मग खिळ्याकडे. त्याच्या तोंडात नेमके खिळे नव्हते, त्यामुळे त्याला 'हं' वर भागवता येईना. सगळं बाहेर आलं. आई चिंधीच्या पांढऱ्या कानावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "ही गेली तर माझ्याकडे आपणहून येणारं कुणी राहणार नाही." आम्ही दोघं पोटची पोरं समोर उभी होतो. मला वाईट वाटलं, पण आई खोटं बोलत नव्हती. आम्ही जायचो ते बोलावल्यावर, काहीतरी द्यायला, उचलायला. नुसतं जाऊन बसणारी ती एकटीच.

मग आम्ही कामाला लागलो. गादीकाम करणाऱ्याला कुणी 'काहीतरी मऊ लावा' असं सांगू नये. दुकानात एका जुन्या सोफ्याचा सांगाडा पडून होता, तो खिळ्यानं कापून पेटीसारखा केला. कडांना मी फोम लावला, दुहेरी, वर मखमल. मग वाटलं, तळ तरी कशाला कडक ठेवा. तळाला दुकानातला उत्तमातला उत्तम मऊ फोम, त्यावर मऊ भरण, त्यावर लोकरी कापड. खिळ्याला तेवढ्यानं बरं वाटेना. त्यानं खाली पट्ट्या ताणून वर हलक्या स्प्रिंगा बसवल्या, म्हणजे लोळली तरी झेललं जाईल. त्यानं स्प्रिंगा लावल्या म्हणून मी आणखी एक थर वाढवला. आमची जणू चढाओढ लागली. एका गिऱ्हाइकानं पेटी बघून विचारलं, घरात बाळ येणार आहे का. दुसऱ्याला तशीच त्याच्या कुत्र्यासाठी हवी होती. मी म्हटलं, सध्या वेळ नाही, पण आतून मला गुदगुल्या झाल्या.

भरवणं मात्र मला जमेना. मी पिचकारी पुढे केली की चिंधी दात घट्ट मिटायची आणि हिरवट लगदा माझ्या बाहीवर. मी चिडायची, ती लोळायची. मग आई म्हणाली, आण इकडे. टॉवेलात गुंडाळून तिला आईच्या मांडीवर दिली. आईनं पिचकारी ओठाच्या कडेनं अलगद आत सरकवली, थेंबभर सोडलं, थांबली. चिंधीनं गिळलं. पुन्हा थेंबभर. तिच्याशी ती काय काय बोलायची, आजूबाजूच्यांच्या कागाळ्या, माझ्या कागाळ्या, आणि चिंधी गिळत जायची. खुर्चीत बसल्यापासून आईचे हात मांडीवर नुसते पडून असायचे. तेच हात आता एवढे स्थिर होते. औषध तीच द्यायची, खालच्या बाजूच्या डोळ्यात थेंबही तीच घालायची. मी कालवून द्यायची आणि टॉवेल धुवायची. एका तळहातावर बारीक, गोल, कोरड्या लेंड्या घेऊन मी खिळ्याला दाखवत होते, बघ, पोट चालू आहे, आणि तेवढ्यात एक नवं गिऱ्हाईक दारात. पडद्याच्या कापडाचं विचारायला आलेली बाई आल्या पावली गेली. जाईना का. त्या लेंड्या बघून मला झालेला आनंद तिला समजावून सांगता आला नसता.

पोट चाललं, पण चिंधी उठेना. त्या सुंदर पेटीत ती कुशीवर पडलेली असायची, अर्धी फोममध्ये बुडालेली. पाय हवेत मारायची, थकायची, थांबायची. मी तिला हातानं सरळ करून बसवायची, हात काढला की ती हळूहळू कलंडत पुन्हा तिथेच. रोज जरा कमी पाय मारायची. मी आईला म्हणायची, झोपलीय शांत. आई म्हणायची, हं. खिळ्याची सवय तिलाही लागली होती.

डॉक्टरीणबाई आल्या त्या दिवशी मी सकाळपासून सगळ्यांवर करवादत होते. खोली दोनदा झाडली, कशासाठी कोण जाणे. त्या आल्या, आईला नमस्कार करून आजी कशा आहात वगैरे विचारलं, आणि पेटीपाशी गुडघ्यांवर बसल्या. चिंधीचे कान, डोळे, पोट सगळं त्यांनी बघितलं. म्हणाल्या, रोग मागे हटलाय, डोळे आता धावत नाहीत, औषधानं काम केलंय. मग ही उठत का नाही, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. आणि त्यांनी पेटीच्या तळावर हात ठेवला. हात मनगटापर्यंत आत गेला. त्यांनी तो काढला, दुसरीकडे ठेवला. तिथेही गेला.

हे कुणी केलं, त्यांनी विचारलं. मी केलं, मी ताठ मानेनं सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हसावं की रागवावं ते त्यांना कळत नसावं.

"काकू," त्या म्हणाल्या, "हिला उभं राहायला जमीन कुठे आहे?"

मी स्वतः पेटीच्या तळावर हात दाबून बघितला. त्या म्हणाल्या, चूक माझीच, मऊ लावा म्हणताना मी कुणाला सांगतेय याचा विचार करायला हवा होता. मऊ कडांना हवं होतं, टेकायला. पायाखाली कडक आणि खरखरीत पाहिजे. तोल गेलेल्या जनावराला पायाखाली काहीतरी ठाम लागलं तर जमीन कुठेय ते त्याला कळतं. इथे तिचा पायच कशाला लागत नाही. पाय मारते, काही मिळत नाही, मग सोडून देते.

खिळ्यानं पकड घेतली आणि तळ उचकटायला लागला. लोकरी कापड, भरण, फोम, स्प्रिंगा, एकेक करून सगळं बाहेर आलं. खाली साधी फळी टाकली, तिच्यावर आमच्याकडचं जाडं तरट ताणून ठोकलं. कडा जरा आत घेतल्या, म्हणजे दोन्ही बाजूंना अंग टेकेल. डॉक्टरीणबाईंनी चिंधीला तरटावर ठेवलं आणि हात काढला. ती कलंडली. मी झेप घेतली, तर त्यांनी माझं मनगट धरलं. राहू द्या, म्हणाल्या. चिंधीचा खांदा कडेला टेकला. पाय तरटावर खरडले, नखं अडकली. ती थांबली. पुन्हा जोर केला. ढुंगण वर आलं, मग पुढचे पाय. मान तशीच वाकडी, अंग थरथरतंय, एक बाजू कडेला टेकलेली, पण चारही पाय खाली. किती वेळ उभी होती कोण जाणे. मग ती पडली आणि लगेच पुन्हा पाय खरडायला लागली.

"आता मला काढा," आई म्हणाली.

आम्ही तिघंही वळलो. ती खुर्चीत होती, खोल, गुडघे बसकणीपेक्षा उंच, दोन्ही हात मांडीवर. आवाज मोठा नव्हता. डॉक्टरीणबाईंकडे बघत ती म्हणाली, "मलाही असंच ठेवलंय, बाई. पाय मारून मारून मीही सोडून दिलं."

खिळ्याच्या हातातली पकड तशीच राहिली. मला काय झालं ते सांगते. मला राग आला. आईचा, डॉक्टरीणबाईंचा, सशाचा, त्या खुर्चीचा. मी मागच्या घरात गेले आणि चहा ठेवायच्या निमित्तानं भांडी आपटली. एवढ्या जिवाच्या करारानं केलेली खुर्ची. उठायचं नाव घेत नाही, हे मी हसत हसत किती जणांना सांगितलं होतं, आणि आई शेजारी बसून ते दर वेळी ऐकत होती. ते आठवलं आणि मग मला रडू आलं. आधण उकळून उतू जाईपर्यंत मी रडले.

खिळ्या आत आला. कामाच्या वेळेत त्याच्या तोंडात एकही खिळा नव्हता. गॅस बंद करून तो म्हणाला, "ताई, चूक तुझी एकटीची नाही. स्प्रिंगा मी बसवल्या." आणि माझ्या डोक्यावर एक टपली मारून परत गेला. धाकटा आहे माझ्यापेक्षा, पण मी ती खाऊन घेतली.

डॉक्टरीणबाई गेल्यावर त्याच दुपारी आम्ही खुर्ची उलटी केली. आईला साध्या लाकडी खुर्चीवर टेबलापाशी बसवलं होतं, आणि तिथून ती हुकूम सोडत होती. पिसं काढा. ती स्प्रिंग काढा, नाही, तीसुद्धा. पट्ट्या अशा ताणा की बोटानं वाजल्या पाहिजेत. काथ्या भरा, मी सांगते तसा. पुढची कड उंच आणि कडक. हाताच्या फळ्या पुढे काढा, धरून जोर लावता आला पाहिजे. काथ्या ती स्वतः हातानं विंचरून देत होती. मी बसवलेला एक थर तिनं तळव्यानं दाबून बघितला आणि म्हणाली, कामचुकार कुठली. किती दिवसांनी तिनं मला शिवी दिली होती. मी तो थर उसवून पुन्हा बसवला, आणि मला आतून फार बरं वाटत होतं.

इस्पितळातल्या त्या बाईंना मी पुन्हा बोलावलं. फोनवर माझा आवाज ऐकून त्या आधी गप्पच झाल्या. या तर खरं, मी म्हटलं, या वेळी मी ओरडले तर आईच मला ओरडणार आहे. त्या आल्या. आई कण्हायची, मी मागच्या घरात जाऊन कानांत बोटं घालायची. काठी आली. आई खुर्चीतून उठायची ती बाईंचा हात धरून, दोन पावलं टाकायची आणि घामाघूम होऊन बसायची. एकटी उठायला धजत नव्हती. मीही धजू देत नव्हते, सवय कुठे लगेच जाते.

चिंधीचं काहीसं तसंच. ती आता कडेला टेकून उभी राहायची, टेकत टेकत पेटीभर फिरायची, पडली तर आपली आपण उठायची. मान कदाचित अशीच राहील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. दुकानात येणारं गिऱ्हाईक पेटीत डोकावलं की त्याचीही मान आपोआप वाकडी व्हायची. पण आपणहून ती काही खाईना. पिचकारी आणि आईची मांडी, दुसरं काही चालत नव्हतं. असं कायम भरवून चालणार नाही, जेव्हा स्वतः खाईल तेव्हाच बरी झाली म्हणायची, हे मला पक्कं माहीत होतं. रोज सकाळी मी ताजी कोथिंबीर आणून टेबलावर ठेवायची, काडी तिच्या नाकापुढे धरायची. ती वास घ्यायची आणि तोंड फिरवायची. त्या अस्वस्थपणात हात रिकामे ठेवणं मला जमेना, म्हणून मी जाऊन दवाखान्यातलं ते फाटकं बाकडं उचलून आणलं आणि नवं करून दिलं. डॉक्टरीणबाईंचे आभार मानायचे म्हणून काहीतरी वाक्य ठरवून गेले होते. तिथे तोंडातून निघालं ते असं, की एवढा मोठा दवाखाना आणि बसायला हे असलं बाकडं, लाज कशी वाटत नाही. त्या बसून बघत म्हणाल्या, कडक आहे. मी म्हटलं, कडकच पाहिजे. आमचं आभाराचं काय ते त्यात झालं.

मग एक सकाळ. खिळ्या यायचा होता, दुकानाचं शटर अजून खाली होतं. आईला मी खुर्चीत बसवलं होतं, चिंधी पेटीत होती, आणि मी मागे भांडी घासत होते. नळ बंद केला तेव्हा जाणवलं की आई चिंधीशी बोलायची थांबलीय. ओल्या हातांनीच कामाच्या खोलीत आले, तर खुर्ची रिकामी.

मी आधी फरशीवर बघितलं. पडली असणार, दुसरं काही सुचलंच नाही. फरशीवर कुणी नव्हतं. मग मी वर बघितलं.

आई उभी होती. एक हात बेतायच्या टेबलावर, काठी टेबलाला टेकवून ठेवलेली, आणि दुसऱ्या हातात कोथिंबिरीची काडी. पेटीवर ती जराशी वाकली होती. खाली चिंधी मान वाकडी करून, एक खांदा कडेला टेकून, चार पायांवर उभी. आणि काडी आत जात होती. भराभर, कुरकुर आवाज करत, पान न् पान. आई दुसरी काडी घ्यायला टेबलाकडे वळली, टेबल धरून, आपली आपण, आणि पुन्हा वाकली.

मी तोंड उघडलं.

"ओरडू नकोस," मागे न बघता आई म्हणाली. "ती खातेय."

मी होते तिथे मटकन खाली बसले, पेटीला पाठ टेकून, कापडाच्या तुकड्यांत. कशी उठलीस, मी विचारलं. तिनं सांगितलं, मघापासून ती मान वर करून माझ्याकडे बघत होती, मांडीवर येऊ बघत होती, पण कड तिला चढवेना. तू भांडी आपटत होतीस, हाक कुठे ऐकू जाणार. मग धरले दोन्ही हात खुर्चीचे आणि उठले. एवढंच. तिनं ते असं सांगितलं, जसं काही ती रोजच उठत होती.

आई पडली तेव्हापासून मी तिच्याकडे खाली बघूनच बोलत आले होते. तिला खुर्चीतून काढताना, पाणी देताना, चष्मा देताना, सगळं वरून. आता मी फरशीवर होते आणि ती उभी होती, आणि तिचा चेहरा बघायला मला मान वर करावी लागली. लहानपणी बघायची तशी. तिच्या हनुवटीखालचा तीळ मला दिसला, जो मी विसरून गेले होते.

मला फार काही म्हणायचं होतं. मी म्हणाले, "आई, बरं झालं."

आईला ते पुरलं असावं. कोथिंबिरीची शेवटची काडी चिंधीपुढे धरून ती टेबलाला टेकली. मला उठवायला तिनं हात पुढे केला नाही.

"ऊठ आता," ती म्हणाली. "खिळ्या येईल, शटर उघडायचंय."

मी उठले.